बाबा गेले

"दिवाळी झाली, पणत्या माळ्यावर ठेवल्या आणि बाबा गेले," असं प्रेरणा माइकवर म्हणाली, तेव्हा शेवटून दुसऱ्या रांगेत बसलेल्या विश्वजीतच्या, म्हणजे तिच्या बाबांच्याच, हातातला चहाचा कागदी कप तोंडापर्यंत जाता जाता राहिला. सभागृहातून हळहळ उठली. पुढच्या कुठल्याशा बाईंनी "अगं बाई" म्हटलं ते मागंपर्यंत ऐकू आलं. विश्वजीतनं आधी स्वतःलाच समजावलं की गेले म्हणजे गेले, त्यात काय एवढं. तो गेला होताच. दिवाळीनंतर, एक सुटकेस, इस्त्री आणि आपली उशी घेऊन पुंडलिकनगरातल्या घरातून शेंद्र्याला, कंपनीजवळ भाड्यानं घेतलेल्या खोलीत. पोरगी एका अक्षरानंही खोटं बोलली नव्हती. पण वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता 'मला घडवणारा माणूस', बोलणारी अकरावीतली मुलगी, अंगावर पांढरा ड्रेस, नजर खाली. अशा वेळी 'बाबा गेले' याचा मराठीत एकच अर्थ होतो. आपल्याकडे कुत्रं मरतं, ढेकूण मरतो, माणूस जातो. क्रांती चौकातून सिडकोला निघालेला जातो आणि तिरडीवर बांधलेलाही जातो, आणि कोण कुठं गेला ते ऐकणाऱ्यानं आपल्या मनानं ठरवायचं असतं. ऐकणाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. भरल्या सभागृहानं विश्वजीतला एका दमात मारलं होतं आणि तो गार होत चाललेला चहा धरून बसला होता.

ही युक्ती कुणाची, ते कळायला त्याला वेळ लागला नाही. प्रेरणा पाचवीत असल्यापासून तो तिला गच्चीवर पाण्याच्या टाकीसमोर उभी करून शिकवत आला होता. खोटं बोलायचं नाही बेटा, खोटं पकडलं जातं. असा शब्द शोधायचा की आपण खरंच बोलू आणि पुढचं समोरचा आपलं आपण समजेल. 'दुःख' असं म्हणूच नकोस, दुःख म्हटल्यानं कुणालाही रडू येत नाही. कप म्हण, चप्पल म्हण, चष्म्याची मोडकी काडी म्हण. आणि आता त्याची पोरगी नेमकी तेच म्हणत होती. "आई अजून सकाळी तीन कप काढते. मग एक परत फळीवर ठेवते. बाबांचा निळा शर्ट आईनं अजून धुवायला टाकलेला नाही." इथं मात्र विश्वजीतनं कप पायाशी ठेवला. निळा शर्ट खरंच राहिला होता तिकडं. शेंद्र्याच्या खोलीत त्यानं सुटकेस तीनदा उलटीपालटी करून तो शोधला होता. म्हणजे शर्टाचं खरं. मग कपाचंही खरं असेल? सुलेखा कप काढत असेल? की पोरीनं तो आपल्या मनचा मांडला, कारण कपानं माणसं रडतात? त्याला स्वतःच्या शिकवणुकीची चीड आली. दुसऱ्या कुणाचं पोर बोलत असतं तर त्यानं डोळे मिटून सांगितलं असतं की कप रचलेला आहे. इथं मात्र त्याचं मन हट्टानं त्या फळीपाशी जाऊन उभं राहिलं होतं आणि हलायला तयार नव्हतं.

कारण आज तो भाषण ऐकायला आलाच नव्हता. प्रेरणाचा फोन आला होता, "बाबा, फायनलला या. आई पण येणारे. झाल्यावर आपण तिघं बोलू, आई हो म्हणालीय." हो म्हणालीय, एवढ्या दोन शब्दांवर तो आठवडाभर जगला होता. त्याला घरी परत यायचं होतं. दुसरं काही नको होतं. शेंद्र्याच्या त्या खोलीत मेसचा डबा उघडून बसलं की समोर भिंत असायची आणि भिंतीशी बोलून बोलून त्यानं सुलेखाला काय सांगायचं ते तयार केलं होतं. सुरुवात ठरली होती: "सुलेखा, मी तुला काही समजवायला आलेलो नाही." चांगली होती सुरुवात. समोरच्याचे हात आपोआप खाली येतात अशा सुरुवातीनं. ती जमली तेव्हा खोलीत एकटाच असून तो खूश झाला होता, आणि मग खूश झाल्याची त्याला लाज वाटली होती, आणि तरी त्यानं ती बदलली नव्हती.

बोलण्यावरच तर त्याचं सगळं उभं होतं. शेंद्र्याच्या एका कारखान्यात तो कामगारांच्या भरती-बदलीचं बघायचा आणि सुट्टीच्या दिवशी सूत्रसंचालन करायचा: लग्नं, निरोप समारंभ, शोकसभा, जे येईल ते. कंत्राटी पोरांना काढायची वेळ आली की साहेब लोक त्यालाच पुढं करत. तो 'काढलं' म्हणायचा नाही, 'कमी केलं' असंही नाही. 'तुम्हाला मोकळं करतोय' असं म्हणायचा. पोरं खुर्चीवरून उठताना थँक्यू सर म्हणायची. एक जण तर पाया पडला होता. हे त्यानं घरी येऊन हसत सांगितलं, तेव्हा शाळेत गणित शिकवणारी सुलेखा, जिला पाच म्हणजे पाचच वाटतात, मेथी निवडता निवडता म्हणाली होती, "मग आता तो पोरगा खाणार काय?" घरातही असंच चालायचं. तिला लांब कन्नड गावच्या शाळेवर मुख्याध्यापिका म्हणून जायची संधी आली तेव्हा तो एकदाही नको म्हणाला नाही. संध्याकाळी गॅलरीत बसून तो नुसता प्रेरणाच्या वयाबद्दल बोलला, या वयात दारात आई दिसणं म्हणजे काय याबद्दल बोलला, आणि सुलेखाच म्हणाली, नको बाई, मी नाही जात. त्यावर तो म्हणाला होता, "बघ, तुझी इच्छा." नंतर कधी तरी तिनं विचारलं होतं, "तुमच्याशी भांडून मी दर वेळी तुमचीच समजूत का काढते हो?" त्याला तो विनोद वाटला होता. त्यानं तो एका लग्नात वापरलाही होता.

टाळ्या थांबेनात तेव्हा त्याला कळलं की प्रेरणाचं भाषण संपलं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं उपरण्यानं डोळे पुसले. पैठणकडचे होते, मघाशी ओळख झाली होती, काकासाहेब म्हणून. नात रूपा स्पर्धेत होती त्यांची. "लई वाईट झालं," ते म्हणाले. "एवढंसं लेकरू. काय वय आसंल बापाचं?"

"असेल चव्वेचाळीस-पंचेचाळीस," विश्वजीत म्हणाला.

"हे काय जायाचं वय हाय? आमच्या रूपीनं बी बापावरच केलतं. पर हिच्यावाणी नाय जमलं तिला." काकासाहेबांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "जमंल कसं? रूपीचा बाप जिता हाय. तिकडं बाहीर तंबाखू मळत बसलाय. जित्या माणसावर कुणी रडतंय व्हय?"

विश्वजीतनं मान हलवली. त्याला म्हणावंसं वाटलं, काका, मीच तो. शब्द ओठापर्यंत आले, आणि आले तसे त्याला त्यांचे परिणामही दिसले. पोरगी खोटारडी ठरेल. परीक्षकांचे चेहरे उतरतील. दुसऱ्या दिवशी कॉलेजात तिच्याकडं बोटं दाखवतील. स्टेजवरचा निवेदक, कोवळाच पोरगा होता, कळी, वादळ, दैव असं काहीबाही गुंफत होता आणि विश्वजीतच्या मनात आलं की याला कुणी तरी सांगायला पाहिजे, हिनं चांगला शिजवलेला भात तू पाणी ओतून नासवतोयस. असल्या वेळीही त्याला हेच सुचत होतं. पहिलं बक्षीस प्रेरणालाच. मग प्रमुख पाहुणे उठले. चष्मा काढून हातात धरून म्हणाले की माझी एक विनंती आहे, आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून या मुलीच्या वडिलांना श्रद्धांजली वाहावी. खुर्च्या सरकल्याचा मोठा आवाज झाला. काकासाहेबांनी टोपी काढली. सगळे उभे राहिले, मग विश्वजीतही उभा राहिला. बसून राहणं बरं दिसलं नसतं.

मान खाली घालून तो पायाशी ठेवलेल्या कपाकडं बघत राहिला आणि त्या शांततेत त्याला गोजरबाई आठवल्या, सुलेखाची आई. श्रावणातली संध्याकाळ होती. जालन्याच्या अलीकडच्या गावाहून फोन आला होता की आईला बरं नाही. सुलेखा पिशवी भरून दारात उभी होती, एक चप्पल पायात, एक हातात. त्याचा दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा कार्यक्रम होता, झोप हवी होती, रात्री गाडी चालवायची नव्हती. यातलं काहीच तो बोलला नाही. तो म्हणाला, "आत्ता अशी धावत गेलीस तर आईच घाबरतील, म्हणतील माझं काही खरं नाही आता. उद्या निवांत जाऊ." निवांत. किती मऊ शब्द आहे. सुलेखाच्या खांद्यावरून तो हळूच खाली उतरला आणि तिनं पिशवी ठेवली. गोजरबाई पहाटे गेल्या. सुलेखा त्याला एका शब्दानं बोलली नाही. घरातलं मीठ-साखर, दूधवाला, प्रेरणाची फी, एवढंच बोलायची. दिवाळी सरली आणि एक दिवस भांडी पुसता पुसता म्हणाली, "तुम्ही जा आता." तो बोलायला लागला तसे तिनं लहान मुलीसारखे दोन्ही कानांवर हात ठेवले. त्यामुळं तो काही न बोलता गेला. त्याच्या आयुष्यातली ती एकमेव गोष्ट असेल जी त्यानं न बोलता केली. तेव्हापासून तो एकच शब्द चघळत होता. भिंतीशी तयार केलेल्या त्याच्या बोलण्याचा गाभा तोच होता: त्या निवांतची माफी, सरळ, कुठंही आडोसा न घेता मागायची.

"या माउलीलाही वर बोलवा," पाहुणे म्हणाले. सुलेखा दुसऱ्या रांगेतून उठली. विश्वजीतला ती इतक्या महिन्यांनी दिसली, तीही पाठमोरी, मग पायऱ्या चढताना बाजूनं. वाळली होती. तिच्या कपाळावर टिकली होती आणि ती बघून पुढच्या बायकांच्यात कुजबुज झाली असावी, कारण स्टेजवर प्रेरणाशेजारी उभी राहिल्यावर तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि गळ्यापाशी घट्ट धरला. म्हणजे गळ्यात मंगळसूत्र होतं. झाकायला असल्याशिवाय कुणी झाकत नाही. विश्वजीतला एकदम भरून आलं. काढलेलं नाही तिनं. पण झाकलंय. लेकीची लाज राखायला झाकलंय, की हा माणूस गेलाच असं चारचौघांत कबूल केलंय? माइक तिच्या पुढ्यात होता. 'नाही हो, आहेत ते' असं ती म्हणू शकली असती, पाच म्हणजे पाच म्हणणारी बाई. तिनं माइककडं बघितलंसुद्धा नाही. पदर धरलेली तिची मूठ तेवढी त्याला लांबूनही दिसत राहिली.

बाहेर जिन्यापाशी बायकांनी सुलेखाला घेरलं होतं. कुणी दंडावरून हात फिरवत होतं, कुणी प्रेरणाच्या डोक्यावरून. काकासाहेब गर्दीतून वाट काढत गेले. "ताई, धीर धरा," ते म्हणाले. "गेलेलं माणूस माघारी येत नसतंय. लेकराकडं बघून दिस काढायचं." त्यांच्या मागं तीन हातांवर विश्वजीत उभा होता. सुलेखानं त्याला बघितलं. नजर थोडी अडखळली, मग ती म्हाताऱ्याकडं वळून म्हणाली, "हो काका." एवढंच म्हणाली. विश्वजीतनं जिन्याचा कठडा धरला. आपण ओरडावं असं त्याला वाटलं, शब्द नको, नुसता आवाज, जनावराचा असतो तसा. पण तो सवयीनं बाजूला झाला आणि त्यानं बायकांना उतरायला वाट करून दिली.

खाली पार्किंगमध्ये गर्दी पांगल्यावर तिघं स्कूटीपाशी उभे राहिले. प्रेरणानं ट्रॉफी पोटाशी धरली होती. जवळून ती उंच झालेली दिसली. चेहऱ्यावर अपराधी भाव आणि आनंद दोन्ही होतं. "मी कुठं खोटं बोलले?" तिनंच सुरू केलं. "तुम्ही गेलेच की." मग ती हळूच म्हणाली, "बाबा, कसं झालं पण?" आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. ह्या प्रश्नासाठीच तिनं आपल्याला बोलावलं असेल का, असं त्याच्या मनात आलं.

"शर्टाचं चांगलं होतं," तो म्हणाला. मग त्याच्यानं राहवलं नाही. तो सुलेखाकडं वळला. "निळा शर्ट, तो तू खरंच..."

"कुठला शर्ट?" सुलेखा म्हणाली.

प्रेरणानं ट्रॉफीवरचं नाव वाचायला घेतलं. सुलेखा स्कूटीची किल्ली बोटात फिरवत होती. "बोला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "तुम्हाला बोलायचं होतं ना? मी हो म्हटलंय, मी ऐकते."

मी तुला काही समजवायला आलेलो नाही. वाक्य जिभेवर तयार होतं, आणि त्यानं ते तसंच गिळलं. त्याच्या मागचं दुसरं आलं, तेही घासूनपुसून ठेवलेलं. तिसरं आलं. शेवटी त्यानं जे हाताला लागलं ते बाहेर काढलं. "मी त्या रात्री निवांत म्हणालो. उद्या निवांत जाऊ म्हणालो. ते मला..."

"निवांत?" सुलेखाची बोटं थांबली. तिला खरंच नवल वाटलं होतं. "त्यासाठी तुम्हाला जा म्हटलं असं वाटतंय तुम्हाला? इतके दिवस?"

"मग?"

"अहो, पिशवी मी ठेवली खाली. आई माझी, पाय माझे. तुम्ही हजार शब्द बोलला असता तरी मी जाऊ शकत होते. ते माझं मी बघेन." तिनं किल्ली स्कूटीला लावली. "तेराव्याला तुम्ही आईवर बोललात. आठवतंय का? सगळं गाव बसलं होतं. माझ्या डोळ्यातून तोपर्यंत टिपूस आलं नव्हतं, मला भीती वाटायला लागली होती माझीच. तुम्ही बोललात आणि मला रडू फुटलं. किती रडले मी. मला वाटलं, चला, या माणसानं निदान हे तरी दिलं मला. मग आपण निघालो. बदनापूर मागं टाकलं असेल, प्रेरणा मागं झोपली होती. तुम्ही गाडी चालवता चालवता मला विचारलंत, 'आईंची काठी दाराशी तशीच आहे, एवढं म्हणून थांबलो ना, ते जास्त तर नाही झालं?'"

विश्वजीत आठवू लागला. त्याला तेरावं आठवलं, मांडव आठवला, पत्रावळीवरची बुंदी आठवली. काठी आठवली. आपण हे विचारलेलं काही केल्या आठवेना. पण विचारलं असणार. कार्यक्रमानंतर तो नेहमीच विचारायचा, आणि नेहमी सुलेखालाच विचारायचा, कारण तिचा कान सरळ होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडात एकही शब्द नव्हता, तयार नाही, कच्चा नाही, कसलाच नाही. रस्त्यावर रिक्षा भुंकत होत्या, एक लोडिंग टेम्पोवाला "चलो भाई, साइड दो" म्हणत गेला. तो नुसता उभा राहिला.

"आत्ताही थांबलात," सुलेखा म्हणाली.

"तसं नाही गं," तो म्हणाला, आणि ऐकताना त्याला कळलं की तसं असतं तरी माणूस हेच म्हणेल. मग त्याला रडू आलं. आवरता येईना असं आलं, नाकातून पाणी, हनुवटी थरथरते आहे, रुमाल खिशात सापडत नाही. आणि तशातही डोक्यात बसलेला तो सूत्रसंचालक म्हणाला की बरोबर जागेवर आलं. विश्वजीतनं त्याच्या थोबाडीत मारावी तशी स्वतःच्या गालावर हाताची पाठ घासली. सुलेखा दुसरीकडं बघत होती. प्रेरणा मात्र त्याच्याकडंच बघत होती, डोळे बारीक करून, मान जराशी कलती. तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण ओठ कुठं थरथरतो, श्वास कुठं तुटतो, हे ती नीट बघून घेत होती.

"नको बघू," तो म्हणाला. "प्रेरणा, हे नको बघू."

"हे खरंय का बाबा?" तिनं विचारलं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

त्याला हो म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते "व्हय." लहानपणी गावी, बापापुढं उभा राहून म्हणायचा तसं. शहरात आल्यावर, पहिला माइक हातात घ्यायच्या आधी, त्यानं हा शब्द जिभेवरून खरवडून काढला होता आणि सुलेखानं तो त्याच्या तोंडून संसारात कधी ऐकला नव्हता. तो त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. कुठून आला, कोण बोललं, हे कळायच्या आत तो बोलून झाला होता, आणि विश्वजीतला वाटलं, झालं, आता हिला कळेल, हा तरी मी निवडलेला नाही.

सुलेखानं त्याच्याकडं वळून बघितलं. मग ती स्कूटीवर बसली, प्रेरणाला मागं बसायची खूण केली आणि हेल्मेटचा पट्टा लावला.

"हे चांगलंय," ती म्हणाली. "हे ठेवा पुढच्या वेळी."